नाइटच्या आठवड्यातली गोळाफेक

आमच्या घरात तीन आठवड्यांतला एक आठवडा मुका असायचा.

पप्पा चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये आहेत, म्हणजे अवजड मशीन दाबून पत्र्याचे भाग बनवतात तिथे. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाइट, हे त्यांचं चक्र माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. नाइटच्या आठवड्यात कंपनीची बस त्यांना सकाळी आठच्या सुमारास दिघीच्या चौकात सोडते. ते घरी येतात, आंघोळ करतात, पोहे खातात आणि नऊला आतल्या खोलीत झोपायला जातात. आमच्या भाड्याच्या घराला दोनच खोल्या. बाहेरची खोली म्हणजे स्वयंपाकघर, बैठक आणि माझी अभ्यासाची जागा, सगळं एकच. त्या खोलीत नऊ ते तीन, घरात असू तेवढा वेळ, आम्ही दोघी, आई आणि मी, चवड्यांवर चालायचो.

आई कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. वाफ भरून शिट्टी थरथरायला लागली की गॅस बंद, थोड्या वेळाने परत चालू, परत बंद. अशी डाळ शिजायला तासभर लागायचा. स्टीलची भांडी ओट्यावर ठेवताना खाली जुन्या बनियनचा कपडा असायचा. दाराची कडी दोन बोटांनी लावायची. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचं. मी पाढे पाठ केले ते नुसते ओठ हलवून. शाळेत म्हणायला उभी राहिले तेव्हाही तसेच म्हटले. बाई म्हणाल्या, "पाढे बरोबर असतील तुझे, पण ऐकू कोणाला आले?" वर्ग हसला. मला वाटलं, आपण काहीतरी चांगलंच करतोय, यांना कळत नाहीये.

सगळ्यात अवघड काम गॅसच्या सिलिंडरचं. गाडीवाला खाली गेटपाशी सिलिंडर टेकवून जायचा आणि आम्ही राहायचो दुसऱ्या मजल्यावर. नाइटचा आठवडा असला की आई आणि मी तो दोन बाजूंनी धरून, दात ओठ आवळून, नाकाने श्वास घेत वर न्यायचो. प्रत्येक पायरीवर तो अलगद टेकवायचा, खण्ण् होता कामा नये. वर पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आमची घरमालकीण काकू मूळ दिघी गावातली. ती जिन्यात उभी राहून म्हणायची, "अगं बायांनो, तोंडानं काय तरी म्हना की! अशा मुक्यानं उचलता, मला बघूनच दम लागतोय."

आई फक्त हसायची आणि बोट ओठांवर ठेवायची.

ह्या सगळ्यामुळे माझे हात भक्कम झाले आणि आवाज गेला. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते कळलं कॉलेजात.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आई सातवी शिकलेली, पप्पा दहावी. दोघं लातूरकडून इकडे आले ते कंपनीच्या कामासाठी. त्यामुळे कॉलेजात कसं वागायचं हे विचारायला घरात कोणी नव्हतं. पहिलं वर्षभर मी तिथे पाहुण्यासारखी वावरले. फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो हे विचारायला मी दोन दिवस रांगेच्या शेवटी उभी राहत होते आणि नंबर आला की मागे सरकत होते. खिडकीतल्या सरांना माझं बोलणं ऐकूच जायचं नाही. त्यांनी "काय?" म्हटलं की माझा धीर संपायचा.

दुसऱ्या वर्षाला असताना एकदा स्टाफरूमबाहेर वीस लिटरचा पाण्याचा जार पडून होता. शिपाईमामा रजेवर होते. दोन मुलं तो मशीनवर चढवण्याच्या प्रयत्नात होती आणि "धर भावा, सोडू नको भावा" असा आरडाओरडा चालला होता. अर्धं पाणी त्यांच्या बुटांत गेलं. माझं सबमिशन द्यायचं राहिलं होतं आणि ते वाटेतून हलत नव्हते. म्हणून मी दुसरा भरलेला जार उचलला, छातीपर्यंत नेला आणि उलटा करून मशीनवर बसवला. आवाज न करता.

मुलांपैकी एक जण म्हणाला, "राव, ही कोण आहे?"

मागे खेळाच्या मॅडम उभ्या होत्या. उंच, कायम गळ्यात शिट्टी. त्यांनी माझ्या दंडाला हात लावून बघितला, आई भाजीवालीकडचा भोपळा दाबून बघते तसा. "उद्या सकाळी सात वाजता ग्राउंडवर ये," म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांना ते ऐकू गेलं नाही, पण मी गेले.

गोळाफेक ही काय गोष्ट आहे ते मी तिथे पहिल्यांदा जवळून बघितलं. चार किलोचा लोखंडी गोळा, मानेला टेकवायचा, गुडघ्यात वाकायचं, वळायचं आणि सगळं अंग उलगडून तो ढकलायचा. फेकायचा नाही, ढकलायचा, हे मॅडम सारखं सांगायच्या. मला ते आवडलं. मनापासून आवडलं. त्यात कोणाशी बोलावं लागत नव्हतं. वर्तुळात एकटीने उभं राहायचं आणि गोळा गेला की सगळ्यांना दिसायचं तो कुठे पडला ते.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला कॉलेजातून गोळाफेकीसाठी दोन मुली जायच्या. एक तिसऱ्या वर्षाची ताई, तिची जागा ठरलेलीच होती. ती टाकायची तेव्हा "हाऽऽ" असा आवाज यायचा की झाडावरचे कावळे उडायचे. दुसऱ्या जागेसाठी मी आणि पहिल्या वर्षातली एक चुणचुणीत मुलगी. शनिवारी निवड होती. ज्यांची निवड होईल त्यांची नावं नोटीस बोर्डावर लागणार होती. मला ती जागा किती हवी होती हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, एकदा कॉलेजनेच म्हटलं की ही आमच्याकडून जाणार आहे, की मग मी पाहुणी राहणार नाही.

पण माझा गोळा एका ठिकाणी येऊन थांबला होता. रोज तिथेच, एकाच खड्ड्याच्या आसपास. पहिल्या वर्षाची मुलगी माझ्याहून बारीक, पण तिचा गोळा हळूहळू पुढे सरकत होता.

सोमवारी मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"तू श्वास कोंडून ठेवतेस."

"हो मॅडम."

"काय?"

"हो."

"हेच! अगं, सगळा जोर तुझ्या छातीत अडकून बसतो. गोळा सुटतो पण तू सुटत नाहीस. तो हातातून जाताना आवाज काढ. कसला पण. आवाज निघाला की श्वास निघतो, पोट आवळलं जातं, खांदा मोकळा होतो. करून बघ."

मी करून बघितलं. तोंड उघडलं. गोळा गेला. तोंड तसंच उघडं राहिलं. आवाज आलाच नाही. पलीकडे बसलेल्या मुलांपैकी एक म्हणाला, "म्यूटवर आहे वाटतं." मॅडमनी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून निघून गेला. पण तो बरोबर बोलला होता.

"शनिवारपर्यंत जमव," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर मला तिला घ्यावं लागेल. मला पण वाईट वाटेल, पण घ्यावं लागेल."

त्या दिवशी आई मोबाइल घरीच विसरली होती, म्हणून कॉलेजातून घरी आल्यावर तो घेऊन मी तिच्या कामाच्या ठिकाणी गेले. ती भोसरीत एका पोळी-भाजी केंद्रात जाते. घरचं आवरून दहाला जायचं आणि तीनपर्यंत परत यायचं. तिचं काम मला माहीत होतं, पण मी आत कधी गेले नव्हते. दारात पोचायच्या आधीच मला आतून एक जाडाभरडा आवाज ऐकू आला. "हुंऽऽ हा! हुंऽऽ हा!" मधेच कोणीतरी खदखदून हसत होतं. मला वाटलं, ही कोण बाई इतक्या मोठ्याने ओरडतेय.

ती माझी आई होती.

भल्यामोठ्या परातीपुढे ती बसली होती, कोपरापर्यंत कणीक. मुठी कणकेत जाताना "हुंऽऽ" आणि वरून दाबताना "हा!" चार बायका भोवती पोळ्या लाटत होत्या आणि त्यांची लाटणी तिच्या आवाजाबरोबर पुढे मागे होत होती. मी दारात उभीच राहिले.

त्यांतल्या एकीने मला बघितलं. "आली गं तुझी लेक! ये ये. तुझी आई म्हणजे आमचा भोंगा आहे, माहितीय का? ही रजेवर असली की आमच्या दहा किलो कणकेला दुपार होते."

आईने मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जणू मी तिला चोरी करताना पकडलं. "मोबाइल आणलास होय," ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. तो आवाज त्या खोलीत इतका विचित्र वाटला की सगळ्या हसल्या.

मी तिला विचारलं, "तू घरी असं का नाही करत?"

"घरी पप्पा झोपलेले असतात की."

"आणि सेकंड शिफ्टला? फर्स्टला?"

ती बोटांवरची कणीक खरवडू लागली. "सवय लागली गं," ती म्हणाली. मग परात पुढे ओढत, "पण हे केल्याशिवाय इथं होत नाही बघ. तोंड मिटून मळलं की दुसऱ्या परातीला खांदे भरून येतात. हं म्हटलं की हात आपोआप जातो. कसं ते मला नाही सांगता यायचं."

मी तिला गोळ्याचं सांगितलं. शनिवारचं सांगितलं. म्हणजे बाकीच्या बायकांनीही ते ऐकलं. मग प्रत्येकीने मला आपला आवाज काढून दाखवला. एक "ह्याऽ" म्हणत होती, एक "ऊंह". एकीचा तर उचकी लागल्यासारखाच होता. मी पण तोंड उघडलं. काही आलं नाही. त्या बिचाऱ्या लाटणी धरून माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला फार शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. पप्पांचा नाइटचा आठवडा. मी दुपारी लवकर घरी आले, आई यायची होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. मी ठरवलं, उशीत तोंड घालून तरी आवाज काढायचा. एका हातात पाच किलोची आट्याची पिशवी मानेला लावून, दुसऱ्या हाताने तोंडावर उशी दाबून, मी गुडघ्यात वाकले आणि उशीत "हा" म्हटलं. कुत्र्याचं पिल्लू शिंकावं तसा आवाज आला. परत म्हटलं. परत.

दार उघडलं. पप्पा उभे.

"काय करायलीस माय?"

माझ्या हातातून पिशवी सटकली ती पायावरच पडली. "सॉरी पप्पा. सॉरी. झोपा तुम्ही. मी उठवलं का?"

"मी झोपलो होतो कुठं?"

मला वाटलं ते मला बरं वाटावं म्हणून बोलतायत. पण ते खुर्चीत बसले आणि डोळे चोळत म्हणाले, "मला ह्या घरात दिवसा झोपच येत नाही."

"आमच्या आवाजामुळं?"

"आवाज कुठाय? तेच सांगायलोय. आवाजच नसतो. कंपनीत आठ तास डोक्यावर प्रेस पडायलेला असतो, धाड धाड धाड. आमच्यातली पोरं जेवणाच्या सुट्टीत त्याच्याच बाजूला पुठ्ठा टाकून घोरतात. मी पण घोरतो. आणि घरी आलो की असं शांत, की माझ्याच कानात शिट्टी वाजायला लागते. मग तुम्ही चालायलात ते ऐकत पडतो. आता आई चवड्यावर गेली. आता कुकर थरथरला. आता बंद केला. आता परत लावला. डाळ शिजेपर्यंत माझ्या जिवाला चैन नसते."

"मग सांगितलं का नाही?"

हे मी विचारलं नव्हतं. दारात आई उभी होती, हातात पिशवी, चप्पल अजून पायात. ती कधी आली, आम्हाला कळलंच नाही. अर्थात कळणार कसं?

पप्पा गडबडले. "तू माझ्यासाठी एवढं करायलीस. तुला कसं सांगू?"

"अठरा वर्षं!" आई म्हणाली. आणि हे ती त्या केंद्रातल्या आवाजात म्हणाली. "अठरा वर्षं मी कुकरची शिट्टी ऐकली नाही! पोरीला रडू दिलं नाही! सिलिंडर उचलून माझी कंबर गेली, आणि तुम्ही आत जागे?"

"हळू बोल, घरमालकीण—"

"आता हळू बोल म्हणायलात?"

खालून काकूचा आवाज आला, "काय झालं गं? भांडान हाय व्हय? वर येऊ का?"

"न्हाई काकू, या बसायला!" आई जिन्यात जाऊन ओरडली. तिच्या तोंडून काकूचं "न्हाई" आलं तेव्हा आधी पप्पा हसले, मग मी, मग आई दाराला टेकून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते सगळं हसण्याचंच होतं की नाही मला सांगता येत नाही. मी तिला पाणी दिलं. पप्पांनी उठून स्वतः चहा टाकला आणि भांडं ओट्यावर आपटून ठेवलं, मुद्दाम.

चहा पिताना मी त्यांना सगळं सांगितलं. निवड, मॅडम, म्यूटवर म्हणणारा मुलगा. पप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी जशीच्या तशी लिहिण्याचा प्रयत्न करते.

प्रेस शॉपमध्ये डायची, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या लोखंडी साच्यांची, जड ट्रॉली ढकलायला चौघं लागतात. चौघंही ढकलताना ओरडतात. पण प्रेस चालू असतो आणि सगळ्यांच्या कानांत बोळे, त्यामुळे कोणाचाच आवाज कोणाला ऐकू जात नाही. पप्पा नवीन होते तेव्हा त्यांना हे खुळ्यासारखं वाटलं. ऐकूच येत नाही तर ओरडायचं कशाला? ते तोंड मिटून ढकलायला लागले. तिसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली. लाइनवरचा म्हातारा ऑपरेटर म्हणाला, अरे, ट्रॉलीला ऐकवायला ओरडत नाही आपण. आतलं बाहेर काढायला ओरडतो.

"तू कोणाला ऐकू जाईल त्याचा विचार करायलीस," पप्पा म्हणाले. "ते सोड. प्रेस चालू आहे असं धर."

बुधवारी सकाळी त्यांनी बसमधून उतरून घरी यायच्याऐवजी मला फोन केला, "खाली ये." गोळा कॉलेजातून घरी आणता येत नव्हता, म्हणून आम्ही रस्त्याच्या कामाच्या ढिगातून एक गोलसर दगड उचलला आणि चौकातल्या किराणा दुकानात वजनाला ठेवला. दुकानदाराने काटा बघितला. "तीन किलो नऊशे. पिशवीत देऊ का?" त्याने गंभीरपणे विचारलं. पप्पांनीही गंभीरपणे नको म्हटलं.

लष्कराच्या भिंतीलगत एक मोकळी पट्टी आहे, तिथे गेलो. पप्पा कंपनीच्या गणवेशात, खांद्याला डबा. मी दगड मानेला लावला, वाकले, "हाऽऽ" केलं आणि मग दगड ढकलला. आवाज आला! बारीक, फाटका, पण आला. दगड मात्र पायापुढेच पडला.

"भोंगा आधी वाजला आणि माल नंतर सुटला," पप्पा म्हणाले. "दोन्ही एकदम पायजे. हात आणि तोंड एकाच दारातून बाहेर पडायलेत असं समज."

परत. परत. कधी आवाज आधी, कधी नंतर, कधी खोकलाच. पप्पा दरवेळी दगड उचलून आणून देत होते. रात्रभर काम केलेला माणूस. मी म्हटलं, पुरे, तुम्ही झोपा आता, तर म्हणाले, "आज झोप लागणार आहे मला. तुझी आई कुकर लावणार आहे." मग त्यांनी स्वतः एकदा दगड घेतला, असा ओरडले की माझ्या अंगावर काटा आला, आणि दगड माझ्या दगडाच्या पुढे जाऊन पडला. एक जवान सायकलवरून चालला होता. तो पाय टेकून थांबला. "क्या हुआ भाई साब?"

"कुछ नहीं साहब," पप्पा धापा टाकत म्हणाले. "बेटी को सिखाता हूँ."

जवानाने माझ्याकडे बघितलं, दगडाकडे बघितलं. "जोर से बोलो बेटा," म्हणाला आणि निघून गेला.

पप्पा त्या दिवशी पाच वाजेपर्यंत झोपले. आईने पाच शिट्ट्या केल्या. दर शिट्टीला आम्ही दोघी दारातून आत डोकावून बघत होतो. ते हललेसुद्धा नाहीत. आईला आनंद झाला आणि रागही आला, दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकदम दिसत होते.

गुरुवार, शुक्रवार आम्ही परत गेलो. तेवढंच. तीन सकाळींत अठरा वर्षं भरून निघत नाहीत, हे मला कळत होतं.

शनिवारी ग्राउंडभोवती मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लोक होते. क्रिकेटची मुलं सरावाला आलेली आणि पायऱ्यांवर बसून आमचीच गंमत बघत होती. प्रत्येकीला तीन संधी. ताईने पहिल्याच फेकीत आपली जागा पक्की केली. पहिल्या वर्षाच्या मुलीने तिच्या तिन्ही फेकी चांगल्या टाकल्या. तिसरी तर माझ्या रोजच्या खड्ड्याच्या एक वीत पुढे पडली. तिथे मॅडमनी लहानसं लाल निशाण रोवलं.

माझी पहिली फेक. पायऱ्यांवरून कोणीतरी "शूऽऽ" केलं. बाकीचे फिसकन हसले. माझं तोंड उघडलं आणि बंद झालं. गोळा रोजच्या खड्ड्यात.

दुसरी. आवाज आला, खरंच आला, पण त्या आवाजानेच मी इतकी दचकले की पाय वर्तुळाबाहेर गेला. फाउल.

मॅडम टेपचं टोक धरून उभ्या राहिल्या.

तिसऱ्या वेळी मी गोळा मानेला लावला आणि तशीच थोडी थांबले. प्रेस चालू आहे असं धरायचा प्रयत्न केला. मी तो प्रेस कधी बघितलेला नाही. म्हणून मी नुसती धाड धाड एवढंच मनात आणलं, एका लयीत, आणि पायऱ्यांवरचे सगळे त्यात बुडवले. मग वाकले. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. पोटातून काहीतरी उठलं आणि हात त्याच्याबरोबरच गेला, मागे नाही, पुढे नाही. आवाज सुंदर वगैरे अजिबात नव्हता. ट्रॅक्टर थंडीत पहिल्यांदा चालू व्हावा तसा होता. पायऱ्यांवर एक जण म्हणालाच, "आयला, हिच्यात इंजिन आहे!" पण तोपर्यंत गोळा पडला होता आणि मी वर्तुळात होते. दोन्ही पाय आत. श्वास असा मोकळा लागला होता, जणू पहिल्यांदाच घेतेय.

मॅडमनी टेप लावला. पहिल्या वर्षाची मुलगी धावत आली. "मॅडम, परत मोजा ना."

मॅडमनी परत मोजलं. निशाणाच्या चार बोटं पुढे.

त्या मुलीचा चेहरा उतरला.  मग तीच म्हणाली, "ताई, तुम्ही सोमवारी तर मुक्या होतात." आणि नाक ओढून, "मला पण शिकवा. पुढच्या वर्षी तुम्ही तिसऱ्याला असाल, मी दुसऱ्याला. दोन जागा असतात." मी म्हटलं, शिकवते. मला काय शिकवता येणार होतं, पण म्हटलं.

मॅडम तोवर ग्राउंडच्या पलीकडच्या टोकाला टेबलाशी जाऊन बसल्या होत्या, स्पर्धेचा फॉर्म भरत होत्या. तिथूनच त्यांनी हाक मारली, "अगं, पूर्ण नाव सांग!"

मी त्यांच्याकडे चालायला लागले. जवळ जाऊन सांगावं म्हणून.

"चालत काय येतेस? तिथूनच सांग!"

मधे सगळं ग्राउंड होतं, पायऱ्यांवर ती मुलं होती, ताई पाण्याची बाटली तोंडाला लावून माझ्याकडे बघत होती. मी उभी राहिले. पाय जरा रोवले. माझं नाव सांगितलं, मग पप्पांचं, मग आडनाव. पप्पांचं नाव इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. ते समोरच्या इमारतीवर आपटून परत आलं.

मॅडमनी मान खाली घालून ते लिहून घेतलं.